पंधरा मिनिटांचा हिशोब

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 अंशांवर जातो, आणि नेमकी त्याच दिवसांत गल्लीतली डीपी, म्हणजे घरोघरी वीज पुरवणारा ट्रान्सफॉर्मर, जळते. मग अख्खी आळी गच्चीवर रात्र काढते. दोष उन्हाला दिला जातो, आणि तो निम्मा खराही आहे. डीपीतल्या वेटोळ्यांवर तेलात भिजलेला कागद गुंडाळलेला असतो. साध्या कागदाचा सर्वांत तापलेला भाग आणखी 6 अंशांनी तापला, की कागद झिजण्याचा वेग दुप्पट होतो.

उरलेला दोष ‘एकदम’ या शब्दात आहे. तारेतली उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाने वाढते. दोन तास 10 अँपिअर वापरले काय, किंवा एकच तास 20 अँपिअर वापरले काय, युनिट जवळपास तेवढेच पडतात. तार मात्र दुसऱ्या वेळी दुप्पट उष्णता टाकते. जुना मीटर महिन्याअखेर ‘180 युनिट’ एवढंच सांगायचा. स्मार्ट मीटर दर 15 किंवा 30 मिनिटांनी नोंद ठेवतो. 15 मिनिटांची नोंद धरली तर दिवसाचे 96 आकडे हाती येतात.

आमच्याकडे या आकड्यांचा खरा उपयोग नळाच्या दिवशी आहे. खान्देशातल्या कितीतरी गावांत पाणी रोज येत नाही. आलं, की घरोघरी मोटर लागते. अर्ध्या एचपीची मोटर साधारण 500 वॅट ओढते असं धरा. 60 घरांचे झाले 30 किलोवॅट, म्हणजे 63 केव्हीएच्या डीपीची जवळजवळ निम्मी ताकद. वर कूलर चालूच. एका डीपीवरच्या सगळ्या मीटरांच्या नोंदी एकत्र मांडल्या, तर हा डोंगर नळाच्या वेळेशी जुळतो का ते लगेच दिसेल. जुळला, तर दोन गल्ल्यांना पाणी तासाच्या फरकाने सोडावं. एक पैशाची नवी तार न ओढता भार उतरतो. वीज आणि पाणी पाहणाऱ्यांनी एका टेबलावर बसून हे करायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

याच नोंदींतून घरात कोणतं उपकरण कधी चाललं, याचा अंदाजही बांधता येतो. अमेरिकेतल्या एमआयटीत जॉर्ज हार्ट यांनी 1980 च्या दशकात ही वाट दाखवली. मात्र त्यासाठी सेकंदासेकंदाची नोंद लागते. 15 मिनिटांच्या आकड्यात फ्रिजची उघडझाप विरघळून जाते. तरी घर रिकामं आहे हे त्यातूनही कळतं, म्हणून ही माहिती ग्राहकाला विचारल्याशिवाय कुणाच्या हाती जाऊ नये.

घरापुरतं पाहायचं, तर थंडीतली रात्री 3 ची नोंद काढा. पंखे, कूलर बंद, सगळे गोधडीत. तेव्हाही 100 वॅट सतत जात असतील, तर महिन्याला 72 युनिट होतात. आमच्याकडे ते फ्रिजच्या दाराचं झिजलेलं रबर निघालं.