दिवाणी कायद्याचा प्राथमिक अभ्यास (कोल्हापूर)

देणेघेणे, मालमत्ता, नुकसानभरपाई असे खासगी हक्कांचे वाद ज्या नियमांनी सुटतात, त्यांची विधी पदवीच्या पहिल्या वर्षी होणारी ओळख. कोल्हापुरात हा अभ्यास शिवाजी विद्यापीठाशी (स्थापना १९६२) संलग्न विधी महाविद्यालयांत होतो. त्यांपैकी शहाजी विधी महाविद्यालय संस्थानकाळातले, १९३३ सालचे. पदवीनंतर तीन वर्षांचा आणि बारावीनंतर पाच वर्षांचा, असे दोन अभ्यासक्रम आहेत.

या अभ्यासाचा कणा म्हणजे भारतीय करार कायदा, १८७२. त्याचे कलम १० नीट उमगले की बरेचसे काम झाले : सक्षम पक्ष, मुक्त संमती, कायदेशीर प्रतिफल (वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला), कायदेशीर उद्देश, आणि कायद्याने शून्य (निरर्थक) न ठरवलेला ठराव, म्हणजे आपसांतली बोलणी. विद्यार्थी व्याख्या पाठ करतात आणि कलमांखालची उदाहरणे सोडून देतात. खरे तर कायदा तिथेच कळतो. कलम २५ खालच्या एका उदाहरणात हजार रुपयांचा घोडा दहा रुपयांना विकायचे ठरते. संमती मुक्त असेल तर किंमत तुटपुंजी असूनही तो करार ठरतो.

शाहू मार्केट यार्डातला गुळाचा सौदा याच चौकटीत बसतो. लिलावात प्रत्येक बोली हा प्रस्ताव असतो. मालविक्री कायदा, १९३० च्या कलम ६४ नुसार हातोडा पडून किंवा रूढ पद्धतीने सौदा पक्का झाल्याचे जाहीर होईपर्यंत बोली मागे घेता येते. जमिनीच्या व्यवहारात मात्र विसार देऊन साठेखत (पुढे विक्री करण्याचा लेखी करार) केले म्हणजे जमीन आपली झाली, हा समज घेऊनच अनेक जण वर्गात येतात. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५४ तो खोडून काढते : साठेखताने जमिनीत कोणताही हक्क निर्माण होत नाही, त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखत लागते. गावाकडच्या कितीतरी दाव्यांचे मूळ या एका गैरसमजात असते, म्हणून हे कलम पहिल्याच वर्षी समजावून सांगायला हवे.

निवाड्यांत मोहरीबिबी विरुद्ध धर्मोदास घोष (१९०३) टाळताच येत नाही. अज्ञानाने, म्हणजे अल्पवयीन मुलाने, वीस हजारांच्या कर्जासाठी घरे गहाण टाकली होती. सावकाराच्या माणसाला त्याचे वय ठाऊक होते. प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातले शेवटचे अपील न्यायालय) ते गहाणखत मुळातच शून्य ठरवले आणि दिलेली रक्कमही सावकाराला परत मिळाली नाही. हा निकाल ऐकून वर्गात हमखास वाद पेटतो. तो पेटू द्यावा.

अपकृत्य, म्हणजे करार नसतानाही दुसऱ्याचे नुकसान करणारे दिवाणी गैरकृत्य; त्याच्या कायद्याला स्वतंत्र संहिता नाही. तो निवाड्यांतूनच शिकावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ पुढच्या वर्षांत येते, पण वादी, प्रतिवादी, दावा, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर), मनाई हुकूम हे शब्द आधीच कानावर पडलेले असतात. कसबा बावड्यातील जिल्हा न्यायालयात दिवाणी दाव्यांचे कामकाज चालते. मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (फिरते खंडपीठ) १८ ऑगस्ट २०२५ पासून शहरात सुरू झाल्याने कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील उच्च न्यायालयीन कामकाजही विद्यार्थ्यांना इथेच पाहता येते.