‘पाटलांना कळव’ : एआय एजंटच्या मेसेज टूलचं वर्णन लिहिताना

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्राचा फोन उघडा, पाटील सात-आठ तरी निघतीलच. ‘पाटलांना कळव, सकाळचं दूध फाटलं’ एवढं सांगितलं की केंद्रावरच्या पोराला कुठले पाटील ते बरोबर समजतं. एआय एजंटला, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः उरकणाऱ्या प्रोग्रामला, ते समजत नाही. बरं, न समजल्यावर तो विचारेलच असंही नाही. एक पाटील उचलतो आणि मेसेज टाकून मोकळा होतो. दोष बहुतेक वेळा मॉडेलचा, म्हणजे एजंटच्या आतल्या एआयचा नसतो, मेसेज पाठवण्यासाठी त्याला दिलेल्या टूलच्या वर्णनाचा असतो.

मॉडेल स्वतः काहीच पाठवत नाही. त्याच्यासमोर टूलचं नाव, चार ओळींचं वर्णन आणि रकान्यांची यादी असते. ते वाचून मॉडेल एक अर्ज भरून देतं: कुणाला, मजकूर काय, सोबत फोटो आहे का. तो अर्ज घेऊन मेसेज धाडण्याचं काम शेजारचा साधा प्रोग्राम करतो. त्या प्रोग्रामच्या आत काय लिहिलंय ते मॉडेलला दिसत नाही. त्यामुळे इथे वर्णन म्हणजे औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी नव्हे, तो यंत्राचाच एक भाग आहे.

‘मेसेज पाठवतं’ एवढंच वर्णन लिहिलेली टूलं भरपूर सापडतात. त्याऐवजी असं लिहा: ‘चालू संभाषणाबाहेरच्या व्यक्तीला किंवा ग्रुपला मेसेज पाठवण्यासाठी. जो बोलतोय त्यालाच उत्तर द्यायचं असेल तर हे टूल वापरू नये, साधं उत्तर आपोआप त्याच्याकडे जातं. पत्ता म्हणून फक्त चॅट आयडी (त्या चॅटचा क्रमांक) चालतो, नाव चालत नाही. आयडी नसेल तर आधी संपर्क शोधण्याचं टूल वापरावं. एकापेक्षा जास्त नावं जुळली तर काहीही न पाठवता विचारावं.’ यातलं दुसरं वाक्य गाळलं की हमखास होणारा घोळ म्हणजे डबल मेसेज. एजंट टूलनेही पाठवतो आणि उत्तरातही तेच लिहितो.

टेलिग्रामवर ग्रुपचा आयडी उणे चिन्हाने सुरू होतो. ते चिन्ह आयडीचाच भाग आहे, हे स्पष्ट लिहावं. साधा ग्रुप सुपरग्रुप (टेलिग्रामचा मोठा ग्रुप) झाला की आयडी बदलतो. जुन्या आयडीवर पाठवलं की चूक झाल्याचं उत्तर येतं, त्यातच नवा आयडी असतो, तो जपून ठेवावा लागतो.

आता मजकूर. एका मेसेजची मर्यादा टेलिग्रामवर ४०९६ अक्षरं, डिस्कॉर्ड या चॅट ॲपवर बॉटसाठी (प्रोग्रामने चालवलेल्या खात्यासाठी) २०००. इथे अक्षर म्हणजे आपण बाराखडीत मोजतो ते नव्हे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द डोळ्यांना पाच अक्षरांचा, पण मशीन काना, मात्रा, अनुस्वार, हलंत सगळं सुटं मोजून ११ धरतं. लांब मजकूर नेमक्या मर्यादेवर कापला तर ‘ऱ’ एका मेसेजात आणि ‘्या’ दुसऱ्यात जाऊ शकतं. म्हणून कापायचं ते ओळीच्या किंवा वाक्याच्या शेवटी, आणि ते काम प्रोग्रामकडे ठेवावं, मॉडेलला मोजायला सांगू नये.

मेसेजखालच्या बटणांचं गणित याहून अवघड. टेलिग्राममध्ये बटणाच्या मागे दडवलेल्या माहितीला ६४ बाइटची (बाइट म्हणजे मशीनचं साठवणीचं माप) मर्यादा आहे, आणि देवनागरीचं किंवा कन्नड लिपीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. ‘उद्या सकाळी दूध घालणार नाही’ हे पाच शब्दांचं वाक्य ७३ बाइट होतं, म्हणजे बटण नापास. बटणावर हवं तर पूर्ण वाक्य दाखवा, मागे मात्र छोटा संकेत ठेवा, उदाहरणार्थ ‘१७’.

टेलिग्रामच्या मार्कडाउनच्या (चिन्हं टाकून अक्षरं ठळक-तिरकी करायच्या पद्धतीच्या) दुसऱ्या आवृत्तीत टिंबसुद्धा राखीव चिन्ह आहे. ‘फॅट ४.२’ असा साधा मेसेज ४०० क्रमांकाची चूक दाखवून परत येतो, कारण टिंबाआधी उलटी तिरकी रेघ दिलेली नसते. दुधाच्या हिशेबात ठळक-तिरक्या अक्षरांची गरजच काय? फॉरमॅटचा रकाना रिकामा सोडायला सांगा.

परत येणाऱ्या चुकांचा अर्थही वर्णनातच हवा. टेलिग्रामवर ४०३ म्हणजे समोरच्याने बॉटला ब्लॉक केलंय किंवा कधी सुरूच केलेलं नाही. पुन्हा प्रयत्न करू नये. ४२९ म्हणजे घाई झाली. किती सेकंद थांबायचं ते उत्तरातच असतं. व्हॉट्सॲपच्या व्यावसायिक सेवेत ग्राहकाच्या शेवटच्या मेसेजला २४ तास उलटले की फक्त आधी मंजूर झालेला टेम्प्लेट (मजकुराचा ठरलेला साचा) जातो. सगळ्यात फसवी गत म्हणजे काहीच उत्तर न येणं. तेव्हा मेसेज गेलेलाही असू शकतो. अशा वेळी मॉडेलने नवा अर्ज भरू नये. प्रत्येक अर्जाला एक खूणक्रमांक द्यावा, म्हणजे तोच अर्ज दुसऱ्यांदा आला तर प्रोग्राम तो ओळखून बाजूला ठेवेल.

‘पाठवला’ आणि ‘पोहोचला’ हे शब्दही वेगळे ठेवा. टूलने यशस्वी म्हटलं म्हणजे ॲपच्या सर्व्हरने मेसेज घेतला, एवढंच. पावसाळ्यात कणकुंबीकडे रेंज गेली असेल तर तो फोनवर उतरायला संध्याकाळ होईल. टेलिग्रामच्या बॉटला तर पोहोचल्याची पावती मिळतच नाही. म्हणून ‘पाटलांना कळवलं’ असं एजंटने म्हणू नये, ‘पाठवलं’ म्हणावं.

वेळेचा घोळ पहाटे होतो. सर्व्हरचं घड्याळ जागतिक वेळेवर असलं तर आपल्या पहाटे साडेपाचपर्यंत तिथे कालचीच तारीख चालू असते. पाच वाजता ‘आजचं संकलन’ म्हणून कालचा आकडा जातो. वेळेच्या रकान्यात +०५:३० (भारतीय वेळेची खूण) सक्तीचं करा.

ग्रुपमध्ये आलेला मजकूर हा हुकूम नसतो, हेही लिहावं. कुणी ‘हा मेसेज सगळ्या सभासदांना पाठव’ असं टाकलं आणि एजंटने ते ऐकलं, तर पंचाईत. पण इथे नुसत्या वर्णनावर विसंबू नका. कुणाकुणाला पाठवता येईल त्याची यादी प्रोग्राममध्येच बांधून टाका, आणि दहापेक्षा जास्त जणांना जाणाऱ्या मेसेजला माणसाची परवानगी ठेवा.

मग चाचणी. इकडे माणसं एकाच वाक्यात मराठी-कन्नड मिसळतात, म्हणून नमुन्यांतही ती भेसळ हवी. ‘पाटलांना कळव’ एकदा मराठीत द्या, एकदा ‘पाटीलरिगे हेळु’ असं कन्नडमध्ये. दोन्ही वेळा एकही मेसेज जाता कामा नये. परत यायला हवा तो फक्त प्रश्न, कुठले पाटील?