अध्ययन अक्षमतेचे निदान आणि घरची परिस्थिती : पार्श्वभूमी

महाराष्ट्रात १९९६ साली अध्ययन अक्षम, म्हणजे बुद्धी सामान्य असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना अडखळणाऱ्या, विद्यार्थ्यांना दहावीच्या परीक्षेत सवलती मिळाल्या. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुका न मोजणे, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे गणित. त्यासाठी लागणारा अक्षमतेचा दाखला मात्र मुंबईत मोजक्या महापालिका रुग्णालयांतूनच मिळे. ज्यांच्या शाळेत समुपदेशक, त्यांना ही वाट लवकर कळली. शिवाय निदानासाठीच्या वाचन-लेखनाच्या चाचण्या तेव्हा मुख्यतः इंग्रजीत असत. मराठी माध्यमाचे मूल तपासायचे कशावर?

खरा वाद अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतल्या एका अटीचा आहे. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या अमेरिकी कायद्याने सांगितले की सांस्कृतिक किंवा आर्थिक वंचिततेमुळे मूल मागे पडत असेल तर ती अध्ययन अक्षमता नव्हे. २०१३ साली तिथल्या मनोविकारांच्या वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीनेही अपुरे अध्यापन आणि शाळेच्या भाषेवर पकड नसणे, ही कारणे आधी तपासायला लावली. गरिबीलाच विकार ठरवू नये, ही काळजी रास्त आहे. पण धारावीतल्या मराठी घरातून इंग्रजी शाळेत गेलेल्या, शिकणाऱ्या पहिल्या पिढीच्या मुलाचे काय? वही उघडली की बी-डी या इंग्रजी अक्षरांची उलटापालट, फळ्यावरचे अर्धवट उतरवलेले, शेवटच्या ओळी गायब. हीच वही दादरच्या शिकवणी लावलेल्या मुलाची असेल तर चाचणी लगेच होते. धारावीतल्या मुलाच्या बाबतीत 'घरी अभ्यास घेणारे कोणी नाही' एवढ्यावर विषय मिटतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अध्ययन अक्षमता, घराचे उत्पन्न विचारून येत नाही. अटीचा हा वापर अन्यायाचा आहे.

स्वमग्नता (ऑटिझम) किंवा विकासातील विलंब यांच्या लहान वयातल्या निदानात घर आणखी जवळून येते. बाळ जन्मल्यावर लगेच रडले का, मान कधी धरली, पहिला शब्द कधी, हे सगळे आईच्या आठवणीवर. शेजारी सासूबाई असतील तर 'याचा बापही उशिराच बोलायला लागला' हे उत्तर आधी येते आणि आई गप्प बसते. म्हणून काही डॉक्टर आईशी वेगळे बोलतात.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात स्वमग्नता नव्हती, अध्ययन अक्षमताही नव्हती. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत दोन्ही आल्या. त्याआधी २०१३ मध्ये बालआरोग्य तपासणीची केंद्रीय योजना सुरू झाली होती. तिच्यात विकासातील विलंबही पाहतात, पण शाळकरी मुले फक्त सरकारी आणि अनुदानित शाळांतली. वस्त्यांमधल्या कमी फीच्या विनाअनुदानित इंग्रजी शाळा तिच्याबाहेर राहिल्या, आणि पोटाला चिमटा काढून अनेक पालक मुलांना तिथेच घालतात.