रीमास्टर की रीमिक्स? ‘रॉक फॉर लाइट’ विकत घेण्याआधी

अमेरिकन हार्डकोअर (वेगवान, आक्रमक पंक रॉक) बँड बॅड ब्रेन्सचा ‘रॉक फॉर लाइट’ हा अल्बम मागवला, तर हातात नेमका कोणता ‘रॉक फॉर लाइट’ पडेल हे नावावरून कळत नाही. १९८३ची मूळ एलपी एक वाजते, १९९१ची आवृत्ती दुसरीच वाजते आणि २०२१ची परत मूळ वळणावर जाते. मधली रीमिक्स आहे. शेवटची, मूळ मिक्सवरून काढलेली रीइश्यू, म्हणजे फेरप्रकाशन. विकणारे मात्र दोन्हींना सरसकट ‘रीमास्टर’ म्हणून मोकळे होतात.

स्टुडिओत ड्रम, बास, गिटार आणि गायन मल्टिट्रॅक टेपवर वेगवेगळ्या ट्रॅकवर बसतं. मग कोण किती मोठ्याने, कोण डावीकडे, कोण उजवीकडे, कोणाला किती रिव्हर्ब (घुमारा), हे ठरवून दोन चॅनेलची स्टिरिओ टेप होते. हा मिक्स. त्या टेपवर इक्वलायझर (खालच्या-वरच्या सुरांचा तोल), कॉम्प्रेशन (लहान-मोठ्या आवाजांतला फरक कमी करणं), गाण्यांमधली अंतरं आणि एकूण पातळी यांचं काम होतं, ते मास्टरिंग. रीमास्टर म्हणजे फक्त ही दुसरी पायरी पुन्हा करणं. रीमिक्स म्हणजे मल्टिट्रॅक टेप काढून पहिल्यापासून बसणं. शिजलेल्या आमटीत मीठ-गूळ वाढवता येतो, कांदा वेचून काढता येत नाही. स्नेअर (कडक ठोक्याचा ड्रम) उठावदार व्हावा म्हणून मास्टरिंगमध्ये ५ किलोहर्ट्झच्या आसपास वाढवलं, की सिंबल आणि गायकाचे ‘स’-‘श’सुद्धा टोचू लागतात, कारण ते सगळे एकाच दोन चॅनेलांत मुरलेले असतात. आता सॉफ्टवेअरने तयार मिक्समधूनही वाद्यं बऱ्यापैकी सुटी करता येतात, पण मल्टिट्रॅकची सर त्याला नाही.

‘रॉक फॉर लाइट’ची निर्मिती ‘द कार्स’ या बँडच्या रिक ओकॅसेकची. १९९१च्या आवृत्तीसाठी त्यानेच बेसिस्ट डॅरिल जेनिफरबरोबर बसून सगळं पुन्हा मिक्स केलं. गाण्यांचा क्रम बदलला, जादा गाणी घातली, आणि मुख्य म्हणजे वेग वाढवला. टेपचा वेग वाढला की सूरही चढतो: अर्धा स्वर चढवायला सुमारे ६ टक्के वेग लागतो, म्हणजे दोन मिनिटांचं गाणं जवळपास सात सेकंदांनी आटोपतं. गायक एच. आर.चा गळा मुळातच वरच्या पट्टीतला. तो आणखी चढवल्यावर जोर वाढत नाही, आवाज चिमटल्यासारखा येतो. हा रीमिक्स फसला, असंच आमचं मत आहे. पण कित्येक वर्षं बाजारात सहज मिळणारा ‘रॉक फॉर लाइट’ हाच होता, त्यामुळे अनेकांच्या कानात हाच मूळ म्हणून बसलाय.

ओळखायची खूण सोपी आहे. मूळ एलपीत पहिलं गाणं ‘कॉप्टिक टाइम्स’ आणि एकूण गाणी १७. १९९१च्या आवृत्तीत सुरुवात ‘बिग टेकओव्हर’ने आणि गाणी २०. बॅड ब्रेन्स रेकॉर्ड्सने ऑर्ग म्युझिकबरोबर काढलेल्या २०२१च्या रीइश्यूत १९८३चाच मिक्स आहे. गंमत म्हणजे तिच्या काही प्रतींचं कव्हर जुन्या जॅझ एलपींच्या धाटणीचं, पूर्ण नवं आहे. कव्हर बदललं म्हणून आवाज बदलला असं नाही, आणि कव्हर तेच म्हणून आवाज तोच असंही नाही.

इथे तिसराही एक घोळ होतो. ‘अ‍ॅटिट्यूड’, ‘सेलिन ऑन’ ही गाणी १९८२च्या पिवळ्या कॅसेटवरही आहेत, जी रोअर (ROIR) कंपनीने तेव्हा फक्त कॅसेटवर काढली होती. ते ना रीमास्टर, ना रीमिक्स. ती रेकॉर्डिंगच वेगळी आहेत. त्या कॅसेटची ‘१९८२ची पहिली एलपी’ म्हणून कोणी काही विकत असेल, तर हात आखडता घ्या.

म्हणजे मूळ तेच खरं? तसंही नाही. मायनर थ्रेट या हार्डकोअर बँडचा ‘आउट ऑफ स्टेप’ १९८३मध्ये डिस्कॉर्ड कंपनीने काढला, तेव्हा पहिल्या ३,५०० प्रती निघाल्यावर बँडलाच मिक्स पटला नाही. दुसऱ्या छपाईआधी त्यांनी तो पुन्हा मिक्स केला आणि पुढे तोच चालू राहिला. पहिल्या छपाईच्या कव्हरची मागची बाजू कोरी काळी आहे, म्हणून ती संग्राहकांत महाग. ऐकायला मात्र दुसरा मिक्सच घ्यावा. बँडला हवा होता तो रेकॉर्ड हा.

रीमास्टर बिघडतो तो बहुधा टेपपाशीच. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच टेपांचा बाइंडर (चुंबकीय थर धरून ठेवणारा गोंद) दमट हवेतली वाफ शोषतो आणि चिकट होतो. तशीच लावली तर टेप वाचणाऱ्या हेडवर तपकिरी थर सोलून बसतो. अशी टेप आधी सुमारे ५४ अंश सेल्सियसला काही तास भाजतात आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरवून घेतात. जुनी अ‍ॅसिटेट टेप मात्र भाजायची नाही, ती वाकडी होते. मग हेडचा टेपशी असलेला कोन म्हणजेच अ‍ॅझिमथ टेपच्या सुरुवातीच्या टेस्ट टोनवर जुळवावा लागतो. तो हुकला तर ट्रेबलची, म्हणजे वरच्या सुरांची धार बोथट होते आणि दोन्ही चॅनेल मोनोत एकत्र केले की सिंबल गायबच होतात. त्यानंतर पातळी. हार्डकोअर मुळात गच्च असतो; त्यावर लिमिटर (आवाजाची कमाल उंची बांधणारं यंत्र) आणखी दाबला की ड्रमचा ठोका आणि गिटारची भिंत एकाच उंचीची होते. रेकॉर्डवर त्याचा फायदाही नाही, कारण सततची मोठी पातळी ग्रूव्हमध्ये जास्त जागा खाते, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपुढे गेलं की ग्रूव्ह कापणाऱ्याला पातळी उतरवावीच लागते.

हातातली प्रत तपासताना आधी लेबलजवळचा गुळगुळीत पट्टा, डेड वॅक्स, तिरक्या उजेडात वाचा. अक्षरं जुन्या प्रतीसारखीच तंतोतंत असतील, तर जुन्याच कटिंगवरून काढलेली ती रीप्रेस. नवा नंबर, नवी सही म्हणजे नवं कटिंग. पण रीमास्टर की रीमिक्स ते यावरून ठरत नाही. त्यासाठी कव्हरवरचे श्रेय वाचा: ‘रीमास्टर्ड’ आणि ‘रीमिक्स्ड’ यांपुढे कोणाची नावं आहेत, आणि वर्तुळातल्या ‘पी’पुढचं साल. नव्या मिक्सला बहुधा नवं साल लागतं.

तरी शंका राहिली, तर एका वेळी एकच चॅनेल ऐका. जुन्या प्रतीत डावीकडे असलेली गिटार नव्या प्रतीत मधोमध आली, किंवा स्नेअरमागचा रिव्हर्ब लांबला, तर तो रीमिक्स. मात्र आधी दोन्ही प्रतींची पातळी समान करा, नाहीतर मोठ्याने वाजणारी प्रत चांगली वाटते. गाण्यांची लांबी घड्याळ लावून मोजा. आपला टर्नटेबल एखाद टक्का इकडेतिकडे असू शकतो, पण त्यातून सहा टक्क्यांचा फरक पडणार नाही. दोन्ही प्रती डिजिटल करून एक उलटी लावून वजा करायची युक्ती काहीजण सुचवतात. टेपवरून आणि रेकॉर्डवरून उतरवलेल्या आवाजाचा वेग क्षणाक्षणाला जरासा डगमगत असतो, त्यामुळे एकच मिक्स असला तरी ती वजाबाकी शून्यावर येत नाही.

ऑनलाइन जुनी प्रत घेताना विक्रेत्याकडून दोन फोटो मागा: दोन्ही बाजूंच्या लेबलांवरची गाण्यांची यादी आणि डेड वॅक्स. ‘रॉक फॉर लाइट’पुरता पहिला फोटोच पुरेसा आहे.