नॉनवोव्हन कापड : ताणाखालील वर्तन

ताणा-बाणा नसलेल्या कापडाला ओढ बसली की त्यात जे फेरफार होतात ते. हे कापड विणत नाहीत; तंतूंचा थर पसरून तो उष्णतेने, काटेरी सुयांनी, पाण्याच्या झोतांनी किंवा चिकट रसायनाने बांधतात. मुंबईकराच्या हाताशी असलेली उदाहरणे म्हणजे मास्क, साडीचे कव्हर आणि ‘कापडी’ म्हणून खपलेली, प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची पिशवी.

विणलेल्या कापडात ओढीच्या दिशेचा धागा आधीच जवळपास सरळ असतो. सैल पडते ते उरेब ओढल्यावर. नॉनवोव्हनमधले बहुतेक तंतू उरेबच पडलेले. म्हणून आधी त्यांचे वळसे सुटतात, मग ते ओढीकडे वळतात, आणि तंतू स्वतः ताणला जातो तो बराच नंतर. या वळण्यामुळे पट्टी मध्ये भलतीच अरुंद होते. सर्व दिशांना सारख्या असलेल्या घन पदार्थाचे पॉयसाँ गुणोत्तर, म्हणजे लांबण्याच्या प्रमाणात अरुंद होण्याचे प्रमाण, 0.5 ओलांडत नाही. इथे ते 1 च्याही पुढे जाऊ शकते. ओढ काढल्यावर कापड पूर्ववत होत नाही, त्यामुळे दुसऱ्या ओढीचा बळ-लांबण आलेख पहिल्यासारखा येत नाही.

तुटणे बांधणीवर ठरते. पिशवीवर दिसणारे बारीक ठिपके म्हणजे उष्णतेने वितळवलेले सांधे. उष्णता कमी पडली तर सांधे उकलतात, जास्त झाली तर ठिपक्याच्या कडेलाच तंतू तुटतात. पक्का सांधा म्हणजे पक्के कापड, हा समज चुकीचा. सुईने ठोकलेल्या कापडात मात्र तंतू घर्षणाला न जुमानता सरकत राहतात आणि कापड खूप लांबते. कार्डिंग करून, म्हणजे यंत्राने विंचरून, तंतू समांतर पसरले असतील, तर यंत्राच्या दिशेने (कापड यंत्रातून पुढे सरकते त्या दिशेने) बळकटी जास्त आणि आडवी लांबण जास्त असते.

जाडी दाबागणिक बदलत असल्याने बळ क्षेत्रफळावर न मोजता रुंदीवर, न्यूटन प्रतिमीटर असे सांगतात. नेहमीच्या चाचणीत 50 मिमी रुंदीची पट्टी 200 मिमी अंतरावरच्या जबड्यांत धरून मिनिटाला 100 मिमी वेगाने ओढतात. जिओटेक्स्टाईलला, म्हणजे बांधकामात मातीत घालायच्या कापडाला, हे चालत नाही, कारण मातीत दाबलेले कापड असे अरुंद होऊ शकत नाही. तिथे 200 मिमी रुंद आणि 100 मिमी लांब नमुना घेतात. अशा चाचण्या घाटकोपरच्या बॉम्बे टेक्स्टाईल रिसर्च असोसिएशनमध्ये होतात.

महाराष्ट्राने 2018 मध्ये नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलीनच्या पिशव्यांवर बंदी घातली. देशपातळीवर 30 सप्टेंबर 2021 पासून किमान 60 जीएसएमची अट आली. जीएसएम म्हणजे प्रतिचौरस मीटर वजन, ग्रॅममध्ये. त्यावरून कापडातला माल कळतो, बांधणी कळत नाही.