अभ्यासगट (मेंढा-लेखा)

गावकऱ्यांनी मोबदल्याशिवाय, आपखुशीने एकत्र बसून गावाच्या एखाद्या प्रश्नाचा मुळापर्यंत शोध घेण्याची रीत. विदर्भातील गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहानशा गावात ती रुजली.

१९८०च्या दशकात इंचमपल्ली व भोपालपट्टणम धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. धरणे टळली, पण जंगल नेमके कोणाचे, हा प्रश्न उरलाच. गावचे देवाजी तोफा आणि ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने गाव त्याच्या अभ्यासाला लागले. ‘मावा नाटे माटे सरकार’, म्हणजे आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा त्यातूनच पुढे आली.

अभ्यासगटात कोणीही बसू शकतो. बाहेरचा कार्यकर्ता, वनस्पतीचा जाणकार, कधी सरकारी अधिकारीही येतो. मात्र येथे निर्णय होत नाही. तो ग्रामसभेत, गावकऱ्यांच्या सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. या पद्धतीचे खरे बळ या फारकतीत आहे. निर्णयाचा दबाव नसल्याने माणूस मोकळेपणी शंका विचारतो, आणि शिकलेला पाहुणा माहिती देऊन थांबतो, गावाच्या वतीने ठरवत नाही. गरिबांसाठी झटणाऱ्या अनेकांना हे थांबणेच जमत नाही.

मधाचे उदाहरण घ्या. पूर्वी आग्या मोहोळाला धूर-आग लावून पोळे उतरवत, माश्या मरत. अभ्यासानंतर पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापून अंडी-अळ्यांचा भाग तसाच ठेवायची रीत गावाने शिकून घेतली.

बांबूची लढाई याहून लांबली. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपजात, म्हणजे ज्यावर गावाचा हक्क असू शकतो अशा वनउत्पन्नात, धरला आहे, हे गावाने नीट समजून घेतले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण तोडलेला बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो तेव्हा वनखात्याच्या हाती होता. म्हणजे हक्क कागदावर आणि माल जंगलात. गाव अडून बसले. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. तेव्हापासून बांबूची तोड, मजुरी आणि विक्री ग्रामसभाच पाहते. ज्या जंगलात मजूर म्हणून राबायचे, तेथला हिशेब आता गाव स्वतः लिहिते.

ही रीत वेळखाऊ आहे आणि दिवसभर राबून आलेल्यांना ती जड जाते, हे खरे. पण घाईने घेतलेला निर्णय गरिबाला अधिक महागात पडतो. २०१३ मध्ये मेंढ्याने १९६४च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याचा मार्ग धरला. ग्रामदानाची कल्पना विनोबांची, आणि त्यांच्या पवनार आश्रमाची भूमीही विदर्भातलीच. जमिनीची मालकी गावाची, कसण्याचा हक्क कुटुंबाचा, हे तत्त्व शेतजमीन असलेल्या घरांनी स्वीकारले, तेही त्यावर दीर्घकाळ चर्चा झाल्यानंतर.