घोटा मुरगळणे

पाऊल आत वळून शरीराचा सगळा भार त्याच्या बाहेरच्या कडेवर आला, की घोट्याच्या सांध्याला धरून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट, ताणले जातात किंवा फाटतात. यालाच घोटा मुरगळणे किंवा पाय लचकणे म्हणतात. हाड न मोडता होणाऱ्या सांध्यांच्या दुखापतींत ही फार नेहमीची. खो-खोत खांबाला वळसा घेताना, उडी मारून दुसऱ्याच्या पायावर उतरताना, गड उतरताना सुट्या दगडावर पाय पडला की ती होते.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूस तीन अस्थिबंध असतात. त्यांतला पुढचा सर्वांत कमजोर, म्हणून बहुधा तोच आधी जातो. मार जोराचा असेल तर टाचेच्या हाडाकडे जाणारा दुसराही. आतल्या बाजूचा बंध रुंद आणि भक्कम असल्यामुळे पाऊल बाहेर वळून झालेली दुखापत कमी आढळते. अस्थिबंध नुसता ताणला, अर्धवट फाटला की पूर्ण तुटला, यावरून दुखापतीच्या तीन श्रेणी करतात. बाहेरच्या घोट्यापुढे लवकरच सूज येते आणि एकदोन दिवसांत साकळलेले रक्त खाली उतरून टाच व बोटांपर्यंत काळेनिळे होते. हा रंग पाहून घरचे घाबरतात, पण हाड मोडले आहे का ते त्यावरून ठरत नाही.

ते ठरवण्यासाठी कॅनडातील ओटावा येथे इयन स्टील व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये सोपे नियम मांडले. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांचे टोक किंवा मागची कड खालच्या ६ सेंमी भागात दाबल्यावर दुखत असेल, अथवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेली पावलेही यात धरतात. पावलाच्या मध्यभागी दुखत असेल तर करंगळीच्या रेषेतील हाडाचा मागचा उंचवटाही दाबून पाहतात.

उपचारांबद्दलचे मत गेल्या काही दशकांत पालटले आहे. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणे ही चतुःसूत्री अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केली. पुढे २०१४ मध्ये त्यांनीच लिहिले की बर्फ आणि पूर्ण विश्रांतीमुळे भरून येणे लांबू शकते. आज बर्फ मुख्यतः वेदना कमी करण्यासाठी, फडक्यात गुंडाळून, १०-१५ मिनिटे लावतात. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वर बांधत जावे. बोटांना मुंग्या आल्या किंवा ती निळी पडली तर सोडून सैल बांधावे. आंबेहळदीचा किंवा रक्तचंदनाचा लेप आपल्याकडे घरोघरी लावतात. तो कोमट असला तर सहसा बिघडत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांत तेल लावून जोराने चोळणे, कढत शेक देणे मात्र टाळावे, त्याने आतला रक्तस्राव व सूज वाढू शकते. झटका देऊन पाय ‘बसवून’ घेणे तर धोक्याचेच: हाड मोडलेले असेल तर ते जागचे हलते.

वेदना सोसेल तितके चालणे लवकर सुरू केलेले बरे. साध्या मुरगळण्याला आठवडेच्या आठवडे प्लास्टर लागत नाही. बंध पूर्ण तुटला असला तरी अनेकदा थोडे दिवस आधार आणि मग व्यायाम पुरतात. शस्त्रक्रिया प्रामुख्याने सांधा कायम डळमळीत राहिला तर करतात.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते तोल सावरण्याच्या व्यायामाकडे. पाऊल कोणत्या कोनात आहे हे मेंदूला कळवणारे मज्जातंतू अस्थिबंधातही असतात आणि दुखापतीत त्यांनाही मार बसतो. दुखणे आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरते, बंध पक्का व्हायला मात्र महिने लागतात; मधल्या काळात मैदानात उतरलेल्याचा तोच पाय पुन्हा मुरगळतो. म्हणून दुखऱ्या पायावर एकट्याने उभे राहणे, जमू लागले की डोळे मिटून तेच करणे, चवडे उचलणे, पाऊल बाहेरच्या बाजूला रबरी पट्टीविरुद्ध ढकलणे हे व्यायाम फिजिओथेरपिस्ट देतात. त्या पायावर न दुखता उड्या मारता येऊ लागल्या, धावताना झटकन वळता येऊ लागले, की खेळ पुन्हा सुरू करता येतो. त्यानंतरही काही महिने घोट्याला पट्टा किंवा टेप वापरल्यास पुन्हा मुरगळण्याचा संभव कमी होतो.